वापरलेल्या हार्मोनियमचे १८,५०० रुपये यूपीआयने दिले, पार्सल आलंच नाही. पैसे परत मिळवायचा रस्ता कोणता?

षड्ज_ऐरोली

आधी तपशील देते. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर वापरलेल्या हार्मोनियमची जाहिरात होती. साडेतीन सप्तकं, खर्ज-नर, नऊ स्केल चेंजर, किंमत १८,५०० रुपये. विक्रेता खासगी व्यक्ती, दुकानदार नाही. राहणार नाशिक, असं तो सांगतो. ११ तारखेला ५,००० रुपये टोकन दिलं. १३ला त्याने कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवला, त्यावर उरलेले १३,५०० दिले. दोन्ही वेळा यूपीआय, पण यूपीआय आयडी दोन वेगळे.

आज १९ तारीख. ट्रॅकिंग नंबर टाकला की 'नोंद आढळली नाही' येतं. फोन लागतो, "उद्या नक्की" एवढंच उत्तर मिळतं. ॲपवाल्यांनी जाहिरात काढून टाकली आणि विषय बंद केला. बँकेत सांगितलं की पिन तुम्ही स्वतः टाकलात, आमच्याकडून काही होणार नाही.

तीन प्रश्न आहेत. अजून थांबावं की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार करावी? पोलीस ठाणं इथलं की नाशिकचं? आणि ग्राहक आयोगात जाता येतं का?

पारसिक

आधी १९३० लावा, मग पुढचं वाचा. पहिल्या रकमेला आठ दिवस झालेत आणि या कामात तास मोजायचे असतात.

१९३० ही नुसती तक्रार ऐकून घेणारी हेल्पलाइन नाही. त्यामागे केंद्रीय गृह मंत्रालयाची यंत्रणा आहे, पोलीस आणि बँका तिथे एकाच पोर्टलवर जोडलेल्या आहेत. तुमचा व्यवहार नोंदला की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, तुमच्या बँकेकडे जातं. पैसे कुठल्या बँकेत गेले हे ती कळवते आणि तिकीट त्या बँकेकडे सरकतं. तिथे रक्कम शिल्लक असेल तर तेवढ्यावर होल्ड लागतो, बँकवाले त्याला लिअन म्हणतात. रक्कम पुढे गेली असेल तर तिकीटही पुढच्या बँकेकडे जातं. एटीएममधून रोख निघाली की माग तिथेच संपतो. म्हणून पहिले काही तास सोन्याचे. पण आठ दिवस झाले म्हणून सोडून देऊ नका. असली खाती बहुतेक वेळा भाड्याने घेतलेली असतात आणि त्यांत रोज कुणाचे ना कुणाचे पैसे येत राहतात, त्यामुळे होल्ड उशिरा लागूनही काही रक्कम अडकू शकते.

फोन करण्याआधी हाताशी ठेवा: दोन्ही व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम आणि १२ आकडी यूटीआर, म्हणजे बँकेकडचा व्यवहार क्रमांक. इथे हमखास चूक होते. यूपीआय ॲप स्वतःचा एक लांबलचक अक्षरी-आकडी क्रमांक दाखवतं, तो यूटीआर नव्हे. व्यवहार उघडून खाली पाहा, नुसते १२ आकडे दिसतील ते घ्या. खात्री नसेल तर बँकेच्या स्टेटमेंटमधल्या त्या नोंदीशी ताडून बघा. एक आकडा चुकला तर तिकीट जागच्या जागी अडकतं. दोन्ही रकमा एकाच तक्रारीत, पण दोन स्वतंत्र नोंदी म्हणून द्या. यूपीआय आयडी वेगळे आहेत म्हणजे मागे खाती वेगळी असू शकतात, कदाचित बँकाही.

फोननंतर एसएमएसने पोचक्रमांक येतो. मग २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची असते. बरेच जण फोन करून निवांत होतात आणि तक्रार अर्धवट राहते. वर्णनाच्या चौकटीत किमान २०० अक्षरं लागतात आणि विशेष चिन्हं चालत नाहीत, त्यात यूपीआय आयडीमधलं 'ॲट'चं चिन्हही आलं. फॉर्म पुढे सरकत नसेल तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं. वर्णनात त्या जागी 'ॲट' असा शब्द लिहा. ओळखपत्राची फाइल ५ एमबीच्या आत हवी, पुराव्याची प्रत्येक फाइल १० एमबीच्या आत.

आता बँकेबद्दल. काउंटरवरचं उत्तर अर्धं बरोबर आहे. तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७चा नियम 'अनधिकृत' व्यवहारांसाठी आहे, म्हणजे जो व्यवहार तुम्ही केलाच नाही त्यासाठी. तुम्ही फसून का होईना पण स्वतः पिन टाकलात, त्यामुळे त्या नियमाखाली बँक भरपाई देणार नाही. तसंच २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक, ज्यात उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये मिळतात, ते तांत्रिक कारणाने अडकलेल्या व्यवहारांचं आहे. तुमचा व्यवहार यशस्वी झालाय. ही दोन परिपत्रकं पुढे करून बँकेशी भांडण्यात दिवस घालवू नका.

पण लेखी तक्रार घेऊन तिचा क्रमांक देणं आणि १९३०च्या तिकिटावर वेळेत कारवाई करणं, हे बँकेचंच काम आहे. अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर असमाधानकारक असलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे मुद्दा विक्रेत्याने फसवलं हा मांडायचा नाही. बँकेने तिकिटावर वेळेत हालचाल केली नाही, हा मांडायचा.

आणखी एक गोष्ट तपासा. दोन्हीपैकी एखादा यूपीआय आयडी व्यापारी खात्याचा आहे का? व्यवहाराच्या तपशिलात माणसाऐवजी दुकानासारखं नाव दिसत असेल, किंवा पैसे पेमेंट लिंकवरून गेले असतील, तर यूपीआय ॲपमध्येच 'वस्तू मिळाली नाही' या कारणाखाली वाद नोंदवता येतो. लिंक असेल तर त्या पेमेंट गेटवेच्या तक्रार अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी लिहा. गेटवेकडून विक्रेत्याच्या खात्यात पैसे पोचायला साधारण दोन-तीन कामकाजी दिवस लागतात, तेवढ्यात कळवलं तर रक्कम तिथेच थांबू शकते. व्यक्तीकडून व्यक्तीला गेलेल्या यूपीआयला मात्र कार्डासारखा चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत रक्कम उलटी मागायची सोय, नाही. क्रेडिट कार्डावर वस्तू न मिळाल्याचा वाद ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून साधारण १२० दिवस चालतो. नेमकी मुदत आपापल्या बँकेत विचारावी.

उपवन_काठ

पारसिक यांच्याशी सहमत, फक्त एक गोष्ट नोंदवतो, कारण हा धागा पुढे दुसरेही वाचतील. उशीर आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता खरा असेल, पार्सल खरंच वाटेत अडकलं असेल आणि आपण १९३०ला तक्रार केली, तर एका साध्या माणसाचं खातं गोठतं आणि ते सोडवायला त्याला महिनोन्महिने लागतात. म्हणून आधी तासाभराची तपासणी करा. तासाभराचीच, आठवड्याची नव्हे.

पावतीवरचं वजन बघा. नऊ स्केल चेंजरची पेटी नुसतीच साधारण १५ किलोच्या आसपास भरते. वर खोका, थर्माकोल, लाकडी फळ्या. शिवाय कुरिअरवाले आकारमानाचं वजनही काढतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००. पॅकिंगसकट खोका ७५ × ४५ × ४० धरला तर २७ किलो होतं. पावतीवर दीड-दोन किलो असेल तर त्या पार्सलात पेटी नाही. पावती दुसऱ्या कशाची तरी आहे किंवा बनवलेली आहे.

मग क्रमांकाची ठेवण. स्पीड पोस्टचा क्रमांक १३ जागांचा असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. यात बसत नसेल तर तो पोस्टाचा नाही. खासगी कुरिअर असेल तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून बुकिंग शाखा शोधून फोन करा. विक्रेत्याने दिलेला 'कुरिअरवाल्याचा नंबर' लावू नका, गूगलवर वर दिसणारा कस्टमर केअरचा नंबरही नको. आणि पैसे पाठवण्याआधी यूपीआय ॲपने दाखवलेलं नाव आठवा किंवा व्यवहारात बघा. ते बँकेत नोंदलेलं नाव असतं. विक्रेता एक नाव सांगतो आणि दोन आयडींवर दोन तिसरीच नावं निघतात, तेव्हा उशिराची शक्यता जवळपास संपते.

पार्सल खरंच बुक झालं असेल तर कायदा थोडा विक्रेत्याच्या बाजूने झुकतो, हेही माहीत असावं. सन १९३०च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, ठरल्यानुसार माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की प्रथमदर्शनी तो खरेदीदाराला दिला असं धरतात. मग पार्सल हरवल्याची तक्रार कुरिअरकडे करायची आणि ती करतो पाठवणारा, कारण बुकिंग त्याच्या नावावर असतं. म्हणून विकत घेताना संदेशात एक ओळ लिहून घ्यावी: "माल माझ्या हाती पोचेपर्यंत जबाबदारी तुमची, पार्सलचा विमा तुम्ही उतरवायचा."

मालच पाठवला नसेल तर त्याच कायद्यात पैसे परत मागण्याचा आणि त्यावर व्याज मिळण्याचा आधार आहे. त्यासाठी आजच त्याला हा संदेश पाठवा. शिव्या नकोत, धमकी नको, नुसती तारीख आणि वेळ:

"दि. ११ रोजी रु. ५,००० व दि. १३ रोजी रु. १३,५०० असे एकूण रु. १८,५०० वापरलेल्या हार्मोनियमसाठी तुम्ही दिलेल्या यूपीआय आयडींवर जमा केले आहेत. वस्तू मिळालेली नाही व दिलेला ट्रॅकिंग क्रमांक नोंदलेला नाही. दि. २० सायंकाळी ६ पर्यंत बुकिंगची मूळ पावती किंवा पूर्ण रक्कम न मिळाल्यास हा व्यवहार रद्द समजून कायदेशीर कारवाई करेन."

तो "हो, पाठवतो परत" असं लिहितो, तेव्हा पैसे मिळाल्याची कबुली लेखी येते. पुढे तीच कामाची. पण वजन किंवा नावं जुळत नसतील तर या मुदतीची वाट पाहत बसू नका, १९३० आणि संदेश एकाच दिवशी.

षड्ज_ऐरोली

पावतीवर वजन १.२०० किलो आहे. पिनकोड ४००७०८ बरोबर लिहिलाय, मी वजनाकडे पाहिलंच नव्हतं. दोन्ही यूपीआयची नावं वेगळी आहेत आणि विक्रेत्याच्या नावाशी एकही जुळत नाही. १९३०ला नोंद झाली, पोर्टलवर तक्रारही पूर्ण केली ('ॲट'च्या चिन्हावरच अडलं होतं, आभार). संदेश पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

बेलापूर_किल्ला

आता पोलिसांकडचा भाग सांगतो.

नाशिकला जायची गरज नाही. फसवणूक संदेशांतून झाली असेल तर ज्या ठिकाणी संदेश पाठवले गेले आणि जिथे ते मिळाले, त्या दोन्ही ठिकाणच्या न्यायालयाला अधिकार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०२ हेच सांगतं. तुम्ही ऐरोलीत, म्हणजे नवी मुंबई आयुक्तालय आणि तुमचं स्थानिक ठाणं. 'हद्द आमची नाही' असं कोणी म्हणालं तरी कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करता येतो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

कलमं: भारतीय न्याय संहिता ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, शिक्षा सात वर्षांपर्यंत. खोट्या ओळखीने फसवल्याचं दिसत असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, तीन वर्षांपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, म्हणून कधी कधी "साहेब आल्यावर या" असं ऐकावं लागतं. ते टाळाटाळीचं असेलच असं नाही. निरीक्षकांची वेळ विचारून त्या वेळी जा.

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. हा घोळ फार जण करतात. तक्रार पोर्टलवरून ठाण्याकडे जाते, तिथून फोन येतो किंवा येतही नाही. वाट न बघता पोचक्रमांकाची छापील प्रत घेऊन स्वतः जा. एका पानाचा मराठी अर्ज, तारखांच्या क्रमाने, बँकेचं शिक्कामोर्तब स्टेटमेंट, दोन्ही नोंदींखाली रेघ मारून, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, संपूर्ण चॅट, पावतीचा फोटो, कुरिअर कंपनीकडून मिळालेलं उत्तर. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का आणि सही घ्या. अर्जात वजनाचा मुद्दा वेगळ्या वाक्यात लिहा: "हार्मोनियमचे अंदाजे वजन १५ किलो असताना पावतीवर १.२०० किलो नमूद आहे." सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता, हे दाखवणारी तुमच्याकडची सगळ्यात ठाम गोष्ट तीच आहे. नाहीतर 'हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा' हे उत्तर ठरलेलं.

चॅटबद्दल दोन गोष्टी. व्हॉट्सॲपवर 'आपोआप नाहीसे होणारे संदेश' चालू असेल तर लगेच बंद करा. चॅट एक्स्पोर्ट करा, पण मूळ फोनमधलं काही पुसू नका आणि फोन बदलू नका. स्क्रीनशॉटमध्ये वर नुसतं जतन केलेलं नाव नको, पूर्ण मोबाइल नंबर दिसला पाहिजे. पुढे न्यायालयात हे पुरावे देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ते ६५ब होतं.

एफआयआर घेतच नसतील तर अर्ज लेखी स्वरूपात स्पीड पोस्टने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे काउंटरवर 'रजिस्टर्ड एडी' मागत बसू नका. स्पीड पोस्टच सांगा आणि पोच हवी असल्याचं तेव्हाच बोला.) त्यानेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. गुन्हा नोंदल्यानंतर तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी लेखी विचारा.

दिवा_लोकल

तिसरा प्रश्न राहिला, ग्राहक आयोगाचा. इथे बहुतेक ठिकाणी सरसकट "ग्राहक कोर्टात खेचा" असा सल्ला दिला जातो. खासगी विक्रेत्याच्या बाबतीत तो चुकतो.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ लिहिलंय की एखाद्याने वैयक्तिक पातळीवर केलेला व्यवहार, जो नियमित किंवा पद्धतशीर धंद्याचा भाग नाही, त्याला हे नियम लागू नाहीत. घरातली पेटी एकदा विकणारा माणूस त्यात बसत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केलात तरी समोर कंपनी नसेल तर त्यांना पत्रव्यवहार करायला कुणी नसतं. आणि सगळ्यात मोठी अडचण पत्त्याची. आयोगाची नोटीस बजावायला नाव आणि पत्ता हवा. मोबाइल नंबर आणि यूपीआय आयडी यांवर नोटीस जात नाही.

पण आधी तपासा, तो खरंच खासगी आहे का. त्याच नंबरवरून दुसऱ्या वाद्यांच्या, फोनच्या, फर्निचरच्या जाहिराती आहेत का? सोशल मीडियावर पान चालवतो का? नियमित विकत असेल तर तो व्यापारी, आणि मग आयोगाचा दरवाजा उघडतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.

जिल्हा निवडताना नवी मुंबईकरांची गल्लत होते म्हणून लिहितो. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात, त्यासाठीचा ठाण्याचा अतिरिक्त आयोग बेलापूरला कोकण भवनात. खारघर, कामोठे, पनवेल यांचं पोलीस आयुक्तालय नवी मुंबईच, पण महसुली जिल्हा रायगड, म्हणजे ग्राहक आयोग अलिबाग. पोलीस ठाण्याच्या पाटीवर 'नवी मुंबई' दिसतं म्हणून ठाणे जिल्हा निवडला, तर तक्रार हद्दीच्या मुद्द्यावर परत येते.

ॲपबद्दल. त्यांनी जाहिरात काढून विषय बंद केला, ते तसंच सोडू नका. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो (फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीआधी ही मुदत १५ दिवसांची होती). विक्रेत्याचं नाव-गाव ते तुम्हाला देणार नाहीत, तो तुमचा आग्रहही नको. मागणी अशी करा: "या खात्याची नोंदणीची माहिती, लॉगिनच्या नोंदी आणि काढलेली जाहिरात पोलिसांसाठी जतन करावी." त्याच नियमांत काढलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची माहिती १८० दिवस ठेवायची तरतूद आहे. तपास अधिकाऱ्याने लेखी मागितलं की त्यांना ७२ तासांत द्यावं लागतं. म्हणजे १८० दिवसांच्या आत पोलिसांचं पत्र ॲपकडे गेलं पाहिजे. ईमेलची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या आणि ही मुदत त्यांना तोंडी सांगा. कामाच्या रगाड्यात ती निसटते.

पैसे ॲपच्याच माध्यमातून, त्यांच्या 'सुरक्षित पेमेंट' सोयीतून गेले असते तर गोष्ट वेगळी होती. रक्कम त्यांच्या हातात असताना त्यांची जबाबदारी येते. बाहेर यूपीआयने दिलेल्या पैशांना ते हात लावत नाहीत.

पारसिक

एक महत्त्वाचं राहिलं. पुढच्या काही दिवसांत तुम्हाला 'रिफंड विभाग', 'सायबर सेल', 'वकील साहेब' अशा नावांनी फोन येऊ शकतात. फसवणाऱ्यांकडे तुमचा नंबर आणि रक्कम दोन्ही आहेत. ओळखायची खूण एकच: पैसे परत देण्यासाठी आधी काही मागतात. प्रक्रिया शुल्क, जीएसटी, क्यूआर स्कॅन, स्क्रीन शेअर करणारं ॲप. पैसे खात्यात यायला पिन कधीच लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीला यूपीआयवर पैशांची 'रिक्वेस्ट' पाठवायची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. तेव्हा "रिक्वेस्ट पाठवतो, स्वीकारा म्हणजे रिफंड येईल" म्हणणारा माणूस खोटाच. सोशल मीडियावर 'अडकलेले पैसे काढून देतो' म्हणणारे एजंटही याच माळेतले.

विक्रेता स्वतःही "अर्धे परत करतो, आधी तक्रार मागे घ्या" म्हणेल. आधी पूर्ण रक्कम खात्यात, मग ठाण्यात जाऊन लेखी जबाब.

षड्ज_ऐरोली

आज पोर्टलवर तक्रारीच्या स्थितीत ९,२०० रुपये होल्ड दाखवतंय, ते सगळे १३,५०० ज्या खात्यात गेले त्याच्या साखळीत. टोकनचे ५,००० निघून गेलेत. ठाण्यात अर्ज दिला, एफआयआर झाली. ९,२०० आपोआप येतील का?

बेलापूर_किल्ला

नाही. होल्ड म्हणजे पैसे थांबले, परत आले नाहीत. काही न करता बसू नका, बँक मनाने तुम्हाला देत नाही. ते न्यायालयाच्या आदेशाने सोडवता येतात. जानेवारी २०२६च्या गृह मंत्रालयाच्या कार्यपद्धतीप्रमाणे ५०,००० रुपयांखालची रक्कम आदेशाशिवायही परत मिळू शकते, म्हणून तपास अधिकाऱ्याला आधी ते विचारा.

आदेश लागलाच तर क्रम असा. तपास अधिकाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: होल्ड कुठल्या बँकेत, खाते क्रमांक, किती रुपये, कोणत्या तारखेपासून. पोर्टलवर नुसती रक्कम दिसते, आदेशात मात्र बँकेचं आणि खात्याचं नाव बिनचूक लागतं. मग तुमच्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, तुमच्यासाठी बेलापूर न्यायालयात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली रक्कम परत मिळण्याचा अर्ज. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ४५७ बसलंय, तेच हे. खारघर-पनवेलकडच्यांनी पनवेल न्यायालय.

अर्जासोबत एफआयआरची प्रत, पोर्टलची पोच, स्टेटमेंट, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र आणि ज्या खात्यात पैसे हवेत त्याचा रद्द केलेला धनादेश. न्यायालय पोलिसांचा 'से' मागवतं, म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं. इथेच तारखा वाढतात. 'से'ची प्रत तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचली का, हे स्वतः जाऊन बघा. 'से'मध्ये "तुमची रक्कम या खात्यातून त्या खात्यात गेली आणि तिथे होल्ड झाली" हा माग आकड्यांसह आला पाहिजे. त्याच खात्यावर इतर फसलेल्यांचाही दावा असतो, आणि माग स्पष्ट नसेल तर न्यायालय हात आखडतं. आदेश होताना हमीपत्र लिहून द्यावं लागतं: दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला तर रक्कम परत करीन.

हा अर्ज वकिलाशिवायही करता येतो. वकिलाची फी ९,२००च्या मानाने जड वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा बेलापूर न्यायालयातच चौकशी करा. लोक अदालतीची तारीख जवळ असेल तर अर्ज तिथे ठेवता येईल का, हेही विचारा.

उरलेले ९,३०० आरोपी सापडून त्याच्याकडून वसूल होतील तेव्हा. नाव-पत्ता तपासात निष्पन्न झाला तर दिवाणी दावाही करता येतो, पैसे दिल्यापासून तीन वर्षांच्या आत. पण त्या आधी ९,२०० सोडवून घ्या, दोन्ही गोष्टी एकमेकींसाठी अडवून ठेवू नका.

आदेश झाला की प्रमाणित प्रती दोन मागा. एक बँकेच्या शाखेत पोच घेऊन द्यायची, दुसरी तपास अधिकाऱ्याकडे, कारण तो पोर्टलवरून होल्ड उठवायची सूचना पाठवत नाही तोवर काही बँका आदेश हातात असूनही रक्कम सोडत नाहीत.